शेळ्या-मेंढ्यांतील प्रतिरोधी सूक्ष्मजंतू

प्रतिजैव पदार्थाच्या (जंतूंचा नाश करणाऱ्या वा त्यांची वाढ थांबविणाऱ्या औषधाच्या) नेहमीच्या मात्रेला दाद न देणाऱ्या सूक्ष्मजंतूंना प्रतिरोधी सूक्ष्मजंतू म्हणतात. कोंबड्या व डुकरे यांच्यातील अशा जंतूंचा अभ्यास बराच झाला आहे. शेळ्या-मेंढ्यांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. चराऊ जनावरांना खाद्यातून औषधे क्वचितच दिली जातात, हे त्याचे एक कारण होय.

मराठवाड्यात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. उदगीर तालुका (१९८२ पासून लातूर जिल्ह्यात) उस्मानाबादी शेळीच्या मूळ प्रदेशात मोडतो. बहुधा काळ्या रंगाची व पुष्कळदा जुळी करडे देणारी ही शेळी म्हणजे भूमिहीन मजुरांचे अडीअडचणीला मोडता येणारे भांडवल असते. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे एक पशुवैद्यकीय महाविद्यालय उदगीर येथे आहे.

करडांची हगवण (एश्चेरिकिया कोलाय), फुप्फुसदाह (पाश्चुरेला, मॅनहेमिया) व स्तनदाह (स्टॅफिलोकॉकस ऑरियस) हे येथील विचारात घेण्याजोगे जंतुजन्य रोग होत. टेट्रासायक्लीन, पेनिसिलीन व सल्फा ही त्यांवरील स्वस्त, म्हणूनच सर्वाधिक वापरातील औषधे. जंतू औषधाचे विघटन करणारे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडविणारे प्रथिन) तयार करतात, औषध कोशिकेबाहेर फेकतात किंवा ते जेथे चिकटते त्या जागेची रचना बदलतात. हे गुण प्लास्मिड या डीएनएच्या सुट्या वलयावर असल्यास ते एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जातात. जपानमध्ये आमांशाच्या जंतूंवरून हे १९५९ च्या सुमारास उघडकीस आले. कोलिस्टीन या अखेरच्या उपायाच्या औषधाविरुद्धचा असाच संक्रमणक्षम जीन चीनमध्ये आढळल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारताने २०१९ मध्ये अन्नोत्पादक जनावरांत कोलिस्टीनच्या वापरावर बंदी घातली.

प्रतिरोध वाढण्यास औषधाच्या प्रमाणाबरोबरच त्याचा चुकीचा वापरही कारणीभूत ठरतो. पीपीआर हा विषाणुजन्य रोग आहे. पोटातील कृमींमुळेही हगवण लागते. या दोहोंच्या मूळ कारणावर प्रतिजैव पदार्थाचा काहीच परिणाम होत नाही. तरी दुकानातून आणलेली सुई टोचली जाते आणि जनावर उभे राहताच उपचार थांबतो. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला टेट्रासायक्लीन तोंडाने दिल्यास पोटातील उपयुक्त जंतू मरून पचन बिघडते, ते वेगळेच.

खतासाठी शेतात मेंढ्या बसविण्याची जुनी व उपयुक्त चाल आहे; तथापि लेंड्या-मुतातून प्रतिरोधी जंतू व न बदललेले औषधही जमिनीत उतरते. वेताच्या वेळी उघड्या हाताने केलेली मदत, न तापविलेले दूध आणि कत्तलीच्या वेळी मांसास लागलेली विष्ठा यांतून हे जंतू माणसापर्यंत पोहोचतात.

पीपीआर, आंत्रविषार व घटसर्प यांच्या लशी वेळेवर टोचणे, नवजात करडास लगेच चीक पाजणे आणि उपचारानंतर ठराविक दिवस दूध व मांस न वापरणे हे उपाय स्वस्त आहेत. प्रयोगशाळेत जंतू वाढवून औषधयुक्त चकत्यांनी त्यांची संवेदनक्षमता तपासता येते. परंतु तिला दोन-तीन दिवस लागतात आणि हगवणीचे करडू तितके दिवस तग धरीलच असे नाही. त्यामुळे पशुवैद्याला पहिले औषध बहुधा अंदाजानेच निवडावे लागते, व त्या परिसरातील पूर्वीच्या तपासण्यांच्या नोंदी हाच त्या अंदाजाचा आधार असतो.