जुन्या जावाचे नवे मीटर

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून निघू लागलेली आणि लातूर-नांदेडकडील एखाद्या वाड्याच्या ढेलजेत अद्याप धूळ खात उभी असलेली जावा मोटारसायकल दुरुस्तीसाठी बाहेर काढली, म्हणजे इंजिनाचा जीर्णोद्धार तुलनेने सुकर ठरतो. खरी पंचाईत होते ती हौशी मालक तीवर डिजिटल मीटर बसवू म्हणतो तेव्हा.

काट्याच्या वेगमापकात, ओटो शुल्झ या जर्मन अभियंत्याने १९०२ साली पेटंट घेतलेल्या तत्त्वानुसार, केबल एक लोहचुंबक फिरवते, त्यायोगे भोवतीच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवरप्रवाह उत्पन्न होतात आणि ती वाटी नाजूक स्प्रिंगचा विरोध सोशीत काट्यासह कलते. बॅटरीची मिंधी नसलेली ही योजना मला आजही अप्रतिम वाटते. डिजिटल मीटर मात्र चाकावरील चुंबकाच्या फेऱ्या मोजते: परीघ १.८ मीटर धरल्यास ताशी ३६ किलोमीटर वेगाला सेकंदास सुमारे साडेपाच फेऱ्या, आणि परिघाची नोंद चुकली की सारा हिशेबच चुकला. त्यात जुन्या जावाची वीज ६ व्होल्टची, मीटर बहुधा १२ व्होल्टचे. शिवाय ठिणगीच्या तारेतून उठणाऱ्या विद्युत्-क्षोभाने आकडे भरकटतात, म्हणून रोधकयुक्त प्लग-कॅप लावावी लागते. वैशाखातल्या उन्हात उभ्या गाडीचा द्रवस्फटिक पडदा अति तापल्यास काळवंडतो, निवल्यावर पूर्ववत होतो.

पन्नास वर्षांवरील वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून दप्तरी नोंद करावयाची, तर २०२१ च्या नियमांनुसार ते मूळ स्वरूपातच असावे लागते; यास्तव हेडलाइटच्या टोपातील मूळ वेगमापक जागीच ठेवून नवे मीटर हँडलवरील सुट्या पट्टीवर बसवावे.