गहाणकर्जांचे प्रतिभूतीकरण आणि हस्तांतरणाची साखळी

गृहकर्ज देणारी संस्था आपल्याकडील अनेक गहाणकर्जे एकत्र करून विश्वस्ताच्या स्वाधीन करते व त्यांच्या हप्त्यांवर आधारलेले रोखे गुंतवणूकदारांस विकते. ह्या व्यवहारास प्रतिभूतीकरण म्हणतात. दीर्घ मुदतीत गुंतलेले भांडवल त्यामुळे मोकळे होते. ह्यातील जोखमीचा विचार करताना ऋणको हप्ते भरील की नाही, हाच प्रश्न बहुधा पुढे येतो. परंतु हप्ते थकल्यावर तारण विकण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हा दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ जानेवारी २०११ रोजी दिलेला निर्णय ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

स्प्रिंगफील्ड येथील एका घरावर डिसेंबर २००५ मध्ये १,०३,५०० डॉलरांचे कर्ज देण्यात आले. ते अनेक संस्थांच्या हातून जाऊन अखेर यू. एस. बँकेकडे विश्वस्त म्हणून आल्याचे सांगण्यात आले. जुलै २००७ मध्ये बँकेने घराचा लिलाव केला व ते स्वतःच विकत घेतले. गहाणाचे हस्तांतरण झाल्याचा दस्त मात्र सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे लिलावानंतर वर्षाहून अधिक काळाने, नोंदविण्यात आला. पुढे मालकीहक्क निर्वेध ठरवून घेण्यासाठी बँकच न्यायालयात गेली आणि तिचा लिलावच रद्दबातल ठरला.

न्यायालयाची भूमिका सुस्पष्ट होती. त्या राज्यात न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून तारण विकता येते; म्हणूनच कायद्याच्या अटींचे काटेकोर पालन आवश्यक ठरते. लिलावाची नोटीस देताना व विक्री करताना विक्रेता स्वतः गहाणदार असला पाहिजे. घेणाऱ्याचे नाव कोरे ठेवलेला दस्त, किंवा कर्जे पुढे हस्तांतरित केली जातील असे सांगणारे माहितीपत्रक, ह्यांनी हक्क सिद्ध होत नाही. विशिष्ट गहाणाचा स्पष्ट निर्देश असलेला, रीतसर स्वाक्षरी झालेला करार मात्र पुरेसा ठरू शकला असता. अशा अवैध लिलावातून पुढे घर घेणाऱ्यासही मालकी मिळत नाही, असे त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये दुसऱ्या प्रकरणात ठरविले. अशा रीतीने कागदपत्रांतील उणीव त्रयस्थ खरेदीदाराच्या दारापर्यंत पोहोचली.

२००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर नियामकांनी योजिलेला एक प्रमुख उपाय निराळ्या स्वरूपाचा आहे. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्याने, काही सुरक्षित गृहकर्जे वगळता, पतजोखमीचा किमान ५ टक्के भाग प्रतिभूतीकरण करणाऱ्याने स्वतःकडे ठेवावा असा दंडक घातला. भारतीय रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०२१ च्या निदेशांत निवासी गहाणांवर आधारित रोख्यांसाठी ५ टक्क्यांचेच प्रमाण ठरविले. ह्यामुळे कर्ज देताना निष्काळजीपणा करण्याचा मोह आवरतो. परंतु जोखीम राखून ठेवल्याने दस्तातील त्रुटी भरून निघत नाही.

भारतात २००२ च्या प्रतिभूतीकरणविषयक अधिनियमाने धनकोस न्यायालयाच्या हस्तक्षेपाविना तारण विकण्याचा अधिकार दिला आहे, आणि तारणांची केंद्रीय नोंदणी २०११ पासून सुरू झाली आहे. अधिकार जितका मोठा, तितका त्याचा पुरावाही निःसंदिग्ध हवा. रोख्यांचे पतमापन करताना हप्त्यांच्या हिशोबाबरोबर हस्तांतरणाचा प्रत्येक दुवाही तपासला जावयास हवा. कारण रोख्याचे अंतिम मूल्य तारण वैधपणे विकता येण्यावरच अवलंबून असते.