जांभ्याच्या घराचं अर्थिंग
जुन्या घराची डागडुजी : लेखांक ७

गेल्या आठवड्यात वाशांची वाळवी आणि शाकारणी झाली. कौलं उतरलेली आहेत तोवरच वायरमनला बोलवा. तुळया आणि वासे असे मोकळे पुन्हा लवकर मिळत नाहीत.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कित्येक जुन्या घरांत अजून लाकडी पट्टीवरचं वायरिंग आहे. पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी आवळलेली रबरी वायर, लाकडी गोल ब्लॉकवर काळं बटण, ओसरीवर मीटरशेजारी चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. चार दिवे आणि एका रेडिओपुरती ती व्यवस्था चोख होती. पुढे तिलाच फ्रिज, मिक्सर, गिझर आणि विहिरीवरचा पंप जोडत गेले. २००० वॅटचा एक गिझरच जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. तोवर चुलीच्या धुराने आणि माळ्यावरच्या उष्णतेने रबर कडक झालेलं असतं. लांबून वायर धड दिसते, पण जरा वाकवली की आवरणाचा भुगा हातात येतो. अशी वायर सांधत बसू नका, सगळी काढा.

सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे, ही समजूत घातक आहे. वरच्या मोठ्या भोकामागे अनेकदा वायरच नसते. काही ठिकाणी ती आतल्या आत न्यूट्रलला जोडून दिलेली असते, आणि हे तर त्याहून वाईट. न्यूट्रल वाटेत कुठे तुटला, की फ्रिजच्या दारावरच २३० व्होल्ट येतात.

खरं अर्थिंग जमिनीत असतं, आणि कोकणातली अडचणही तिथेच आहे. जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात तो ओलाचिंब असतो, मार्चनंतर पाणी निथळून कोरडा पडतो. कोरड्या जांभ्यातून वीज सहज उतरत नाही. म्हणून अर्थिंगचा पाइप ओलाव्याच्या जागी घ्यावा : न्हाणीचं पाणी जिथे केळींना किंवा पोफळींना सोडलेलं असतं, त्याच्या आसपास, पण घराच्या पायापासून निदान दीड मीटर लांब. गॅल्व्हनाइज्ड पाइप ३८ मिलिमीटरहून कमी व्यासाचा नको आणि अडीच मीटरहून आखूड नको. भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, वर पाणी घालायला तोंड ठेवायचं. आणि मोजमाप मे महिन्यात करायचं. ऑगस्टमध्ये अर्थिंग चांगलंच येतं, त्या आकड्यावर विसंबून राहू नका.

एवढं करूनही जांभ्यात रोध २० ओहमच्या खाली उतरला नाही, असं समजा. गिझरच्या पत्र्यावर वीज आली, तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. गिझरचा एमसीबी १६ अँपिअरचा. तो पडणारच नाही. पत्रा तसाच जिवंत राहील, आणि न्हाणीत ओल्या अंगाने उभा असलेला माणूस त्याला हात लावेल. एमसीबी वायरीला जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो, तोही ३० मिलिअँपिअरचा. गेलेला आणि परत आलेला प्रवाह तो सतत ताडून बघतो. एवढीशी तफावत पडली तरी सेकंदाच्या एका अंशात वीज तोडतो. जांभ्याच्या जमिनीवर तो ऐच्छिक मानताच येत नाही. मात्र एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, तर त्याला काही कळत नाही, हेही घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

जुन्या वायरिंगवर आरसीसीबी नुसता बसवला की तो वारंवार पडतो. जुन्या घरात माजघराच्या दिव्याचा न्यूट्रल ओसरीच्या पंख्यावरून घेतलेला असतो, परसदारचा आणखी कुठून तरी. दोन सर्किटांचे न्यूट्रल असे मिसळले, की यंत्राला ती गळतीच वाटते. मग कुणीतरी कंटाळून आरसीसीबीला वळसा घालून थेट जोडणी करतं. हे कधीही होऊ देऊ नका. प्रत्येक सर्किटला स्वतःचा न्यूट्रल आणि स्वतःची हिरवी अर्थ वायर, असं पहिल्यापासून नवं वायरिंग करणं हाच उपाय आहे. वायर चांगल्या प्रतीच्या तांब्याची घ्या : दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, गिझरला चार. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. तो जाण्यापूर्वी ५०० व्होल्टचा मेगर लावून प्रत्येक सर्किट तपासून घ्या आणि चाचणीचा अहवाल लेखी मागा.

मातीच्या गिलाव्याच्या भिंतीत झिरी मारू नका. वरून भरलेलं सिमेंट मातीला धरत नाही, पोपडा सुटतो. पाइप तुळईच्या कडेने उघडाच न्या. दिसला तर दिसू दे. पुढे दुरुस्तीला तो हाताशी राहतो.

आता आगर. माडांमधून डोक्यावरून वायर नेली, की कधीतरी तिच्यावर झावळी पडणारच. पंपाची वायर चिलखती केबलची, जमिनीत ७५ सेंटिमीटर खोल. खाली-वर वाळू आणि त्यावर विटांचा थर, म्हणजे आळं खणणाऱ्याची कुदळ आधी विटेवर पडेल. केबल कुठून गेली त्याचा कच्चा नकाशा मीटरच्या पेटीत चिकटवा. पंपाला वेगळा आरसीसीबी द्या, नाहीतर पंपातल्या बिघाडाने घर अंधारात जाईल. वृंदावनाजवळच्या दिव्याला १२ व्होल्ट पुरतात.

हे काम दिवाळीनंतर निघणार असेल, तरी एक गोष्ट आजच करा. पडवीच्या गजाला बांधलेली कपडे वाळत घालायची लोखंडी तार काढून टाका आणि तिथे नायलॉनची दोरी बांधा. पडवीतली उघडी पडलेली वायर त्या गजाला टेकली, तर ओले कपडे टाकणाऱ्या बाईच्या हातात थेट वीज येते. पावसाळ्यात अशा तारांनी माणसं दगावतात. दोरीला फारसा खर्च नाही.

पुढील लेखात : विहिरीचा कठडा आणि न्हाणीच्या पाण्याचा निचरा.