मेंढ्या वळणारा कुत्रा दत्तक घेताना

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलं जरा मोठी झाली की कुत्र्याचा विषय निघतोच. बोलता बोलता तो बॉर्डर कॉली किंवा ऑस्ट्रेलियन शेपर्डवर आला, तर पिल्लू विकत घेण्याआधी आपण 'ब्रीड रेस्क्यू'चा विचार जरूर करावा. ब्रीड रेस्क्यू म्हणजे एकाच जातीच्या बेघर कुत्र्यांना सांभाळून त्यांना नवं घर मिळवून देणारी स्वयंसेवी संस्था.

मात्र इथे पैसे भरले आणि कुत्रा घेऊन आलो, असं होत नाही. अर्ज, मुलाखत, घराची पाहणी, करार असं सगळं असतं. "कुत्राच तर हवाय, त्याला एवढ्या चौकशा कशाला?" म्हणून अनेक जण अर्ध्यातून माघार घेतात. खरं तर यातली बहुतेक प्रत्येक अट आधीच्या घरांत काहीतरी बिनसल्यामुळे आलेली असते. ते कारण कळलं, तर अट जाचक वाटत नाही. म्हणून एकेक टप्पा क्रमाने पाहू.

पहिला टप्पा : हा कुत्रा नेमका कोण आहे?

मेंढपाळाचा कुत्रा म्हटलं की आपल्याला धनगरांच्या वाड्यावरचा कुत्रा आठवतो. त्याचं काम राखणीचं. लांडगा आला तर भुंकायचं, प्रसंगी अंगावर जायचं. बॉर्डर कॉलीचं काम त्याहून अगदी वेगळं आहे. मालकाच्या शिट्टीवर लांब धावत जाऊन पांगलेल्या मेंढ्या गोळा करायच्या आणि वळवून आणायच्या. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागात ही जात घडली. १८९३ मध्ये नॉर्थम्बरलँडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला 'ओल्ड हेम्प' हा कुत्रा तिचा मूळ पुरुष मानला जातो.

या कुत्र्यांचं हत्यार म्हणजे त्यांची नजर. मान खाली घालून, दबकत, मेंढीकडे रोखून बघत ते पुढे सरकतात. मुळात ही शिकाऱ्याची चाल आहे. रोखून बघणं, दबकणं, पाठलाग हे भाग माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पक्के केले आणि शेवटचा, मारण्याचा भाग मागे सारला. घरात मेंढ्या नसल्या तरी ही चाल जात नाही. मग अंगणात धावणारी मुलं, सायकली, मोटारी, व्हॅक्यूम क्लीनर या सगळ्यांना वळवण्याचा प्रयत्न सुरू होतो. ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग आणि कॉर्गी तर गुरांच्या टाचांना चावे घेऊन त्यांना हाकण्यासाठीच घडवलेले. तेव्हा मुलांच्या पोटरीला दात लागले, तर तो बहुधा राग नसतो, ती त्याची कामाची सवय असते.

बुद्धी म्हणाल तर 'चेसर' नावाच्या बॉर्डर कॉलीला जॉन पिली या मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी १०२२ खेळण्यांची नावं शिकवली होती. त्यांचा शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ही नावं शिकवण्यासाठी ते तीन वर्षं रोज चार-पाच तास तिच्याबरोबर घालवत होते. एवढ्या बुद्धीला काम मिळालं नाही, तर ती स्वतःच काम शोधते. ते बहुतेक वेळा आपल्या सोफ्यावर असतं.

दुसरा टप्पा : संस्था निवडणं

बहुतेक ब्रीड रेस्क्यू संस्थांकडे स्वतःची इमारत नसते. कुत्रे 'फॉस्टर' घरी, म्हणजे स्वयंसेवकांच्या घरी तात्पुरते राहतात. ही फार सोयीची गोष्ट आहे. कुत्रा मुलांशी, मांजराशी कसा वागतो, एकटा राहतो का, हे फॉस्टर घर सांभाळणाऱ्याने रोज पाहिलेलं असतं.

संस्था आपल्या राज्यात काम करते का, हे आधी पाहा. घर पाहायला स्वयंसेवक यावा लागतो, म्हणून बऱ्याच संस्था ठरावीक भागातच कुत्रे देतात. ऑस्ट्रेलियन शेपर्डसाठी 'ऑसी रेस्क्यू अँड प्लेसमेंट हेल्पलाइन' आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी 'बॉर्डर कॉली ट्रस्ट' आहे.

फसवणूकही होते. कुत्रा न दाखवता आगाऊ पैसे मागणं, पशुवैद्याची कागदपत्रं देण्यात टाळाटाळ, "परत घेणार नाही" असं सांगणं, यातलं काही दिसलं तर तिथून निघावं.

तिसरा टप्पा : अर्ज

अर्ज लांबलचक असतो. घरात कोण कोण आहे, मुलांची वयं, कुत्रा दिवसाला किती तास एकटा राहील, आधी कोणते प्राणी होते, त्यांचं काय झालं, असे प्रश्न असतात.

इथे होणारी चूक म्हणजे मोघम उत्तरं. "आम्ही बहुतेक घरीच असतो" यातून काही कळत नाही. "मंगळवार आणि गुरुवारी दोघंही ऑफिसला जातो, दुपारी एक वाजता फिरवायला माणूस ठेवू" हे उत्तर चालतं. पूर्ण वेळ नोकरी म्हणजे नकार, असं नसतं. एकटेपणाची काही सोय विचारात घेतलीच नाही, म्हणून नकार येतो.

आपल्या घरांच्या दोन गोष्टी अर्जात आपणहून लिहाव्यात. एक, भारतातून आई-वडील काही महिने राहायला येतात का आणि त्यांना कुत्र्याची भीती आहे का. दुसरी, आपण भारतात तीन-चार आठवडे जातो तेव्हा कुत्रा कोणाकडे राहील. या दोन्हींची उत्तरं आधी घरात ठरवा, मग लिहा. घर शाकाहारी असेल, तर कुत्र्याचं मांसाहारी खाणं घरात चालेल का, हेही आधीच बोलून घ्या.

भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी लागते. सोसायटीचे नियम आणि घराचा विमाही तपासा. काही विमा कंपन्यांच्या नको असलेल्या जातींच्या यादीत जर्मन शेपर्ड असतो.

चौथा टप्पा : मुलाखत आणि पशुवैद्याचा दाखला

अर्जानंतर फोनवर बोलणं होतं. आधी प्राणी असतील, तर संस्था आपल्या पशुवैद्याला फोन करून लसी वेळेवर दिल्या का, हे विचारते. त्यासाठी आपली संमती दवाखान्यात आधी नोंदवावी लागते. ती राहून गेली की अर्ज नुसता पडून राहतो आणि आपल्याला वाटतं संस्था उत्तर देत नाही. पहिलाच कुत्रा असेल, तर जवळचा दवाखाना आधी निवडून त्याचं नाव द्या.

पाचवा टप्पा : घराची पाहणी

स्वयंसेवक घरी येतो तो धूळ बघायला नव्हे. तो कुंपण बघतो. पाच-सहा फूट उंच, खाली फट नसलेलं, आपोआप बंद होणारं फाटक असलेलं कुंपण त्याला हवं असतं. कुंपणाला लागून ठेवलेलं बाक किंवा लाकडांचा ढीग आधी हलवा. चपळ कुत्र्याला तेवढी पायरी पुरते.

'अदृश्य कुंपण', म्हणजे जमिनीत पुरलेली तार आणि कुत्र्याच्या गळ्यात विजेचा हलका झटका देणारा पट्टा, बऱ्याच संस्थांना चालत नाही. मोटारीच्या मागे सुटलेला कुत्रा झटका सोसून पार जातो. परत येताना मात्र त्याच झटक्याला भिऊन बाहेरच राहतो. शिवाय बाहेरचा कुत्रा आत येतो, तो वेगळाच.

अंगण नसलेल्यांनाही काही संस्था कुत्रा देतात. तेव्हा रोज किती वेळा आणि कुठे फिरवणार, याचं ठोस उत्तर द्यावं लागतं.

सहावा टप्पा : जोडी जुळवणं

फोटोतले निळे डोळे पाहून मन जडतं आणि नेमका तोच कुत्रा आपल्याला मिळत नाही. नाराज होऊ नका. लहान मुलांच्या घरी टाचा चावणारा कुत्रा न देणं हे मुलांच्या आणि कुत्र्याच्याही भल्याचं असतं. काही संस्था एका ठरावीक वयाखालची मुलं असलेल्या घरी असे कुत्रे देतच नाहीत.

फॉस्टर घरी पुढचे प्रश्न विचारा : मोटारी-सायकलींच्या मागे धावतो का? मोठ्या आवाजाला घाबरतो का? खाताना जवळ गेलेलं चालतं का? घरात शांत बसतो का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा.

पांढऱ्याशुभ्र, क्वचित ठिपक्यांच्या ऑस्ट्रेलियन शेपर्डबद्दल एक गोष्ट माहीत असावी. 'मर्ल', म्हणजे ढगाळ ठिपक्यांचा रंग असलेल्या नर-मादीची जोडी लावली, तर काही पिल्लांना तो गुण दोन्हीकडून मिळतो आणि ती बहिरी किंवा आंधळी निघू शकतात. असे कुत्रे रेस्क्यूत बरेच येतात. हाताच्या खुणांनी ते छान शिकतात, पण तयारी ठेवून घ्यावेत.

भेटीला घरातले सगळे हवेत. घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांची पहिली भेट बाहेर, तटस्थ जागी, चालता चालता घडवावी.

सातवा टप्पा : करार आणि तब्येत

दत्तक शुल्क साधारणतः काही शे डॉलर असतं. लसी, नसबंदी, मायक्रोचिप आणि हार्टवर्म, म्हणजे डासांमुळे हृदयात होणाऱ्या जंताची तपासणी यांवर संस्थेचा अनेकदा त्याहून जास्त खर्च झालेला असतो. मायक्रोचिपच्या नोंदीत आपलं नाव आणि फोन नंबर त्याच दिवशी बदलून घ्या. हे काम हमखास राहून जातं.

करारात जवळपास नेहमी एक कलम असतं : कुत्रा सांभाळणं जमलं नाही, तर तो परस्पर कोणाला न देता संस्थेलाच परत करायचा. नीट वाचूनच सही करा.

पशुवैद्याला 'एमडीआर-१' चाचणीबद्दल विचारा. या जनुकातला दोष ऑस्ट्रेलियन शेपर्ड आणि रफ कॉलीत बराच आढळतो, बॉर्डर कॉलीत कमी. दोष असलेल्या कुत्र्याच्या मेंदूत काही औषधं शिरून साचतात. आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा आणि जुलाबावर आपण घरात ठेवतो ती लोपेरामाइडची गोळी त्याच्या जिवावर बेतू शकते. हार्टवर्मसाठी दर महिन्याला देतात त्या औषधातली अल्प मात्रा मात्र या कुत्र्यांनाही चालते.

आठवा टप्पा : पहिले दिवस

नवा कुत्रा पळून जाण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक. गळ्यातून निसटणार नाही असा पट्टा घाला, कुंपणाच्या आतही सुरुवातीला लांब दोरी बांधून ठेवा आणि दार उघडण्याआधी कुत्रा कुठे आहे ते पाहा.

रेस्क्यूवाले तीन-तीन-तीनचा ठोकताळा सांगतात. बिचकणं कमी व्हायला तीन दिवस, घराची घडी कळायला तीन आठवडे, आपलं घर वाटायला तीन महिने. म्हणून पहिल्या शनिवारी मित्रमंडळींना कुत्रा बघायला बोलावू नका. सुरुवातीला शांत वाटलेला कुत्रा दोन-तीन आठवड्यांनी खरा स्वभाव दाखवू लागतो. तेव्हा तो बिघडला असं समजू नये, तो मोकळा होत असतो.

आपल्या स्वयंपाकघरातले धोके सगळ्यांना सांगून ठेवा. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे फोडणीची भाजी लावलेली पोळी देऊ नये. द्राक्षं, मनुका आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही त्यात आले. पाहुण्या आजी-आजोबांना हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण मायेने घास तेच भरवतात.

चार जुलै आणि दिवाळीचे फटाके ही या जातींची मोठी भीती आहे. त्या संध्याकाळी कुत्रा आत, खिडक्या बंद, कोणीतरी सोबत, अशी सोय करा. भीती फार असेल, तर पशुवैद्याकडे औषधासाठी आधीच जा.

नववा टप्पा : रोजचं काम

"भरपूर पळवलं की दमेल" हा सगळ्यांत मोठा गैरसमज. रोज तासभर चेंडू फेकत राहिलं, तर कुत्र्याचा दम वाढतो आणि चेंडूचं वेड लागतं. संध्याकाळी तो आधीपेक्षा जास्त अस्वस्थ असतो. उन्हाळ्यात तर तो थांबायचं भान न ठेवता धावतो आणि कोसळतो.

धावण्याबरोबर डोक्याला काम द्या. लपवलेली वस्तू वासावरून शोधणं, नवा शब्द शिकणं, अडथळ्यांची शर्यत म्हणजे ॲजिलिटी. काही ठिकाणी खऱ्या मेंढ्यांवर शिकवणारे वर्गही असतात. आणि तितक्याच चिकाटीने त्याला स्वस्थ बसायला शिकवा. चटईवर शांत पडला की बक्षीस. मोठ्या कुत्र्याला दिवसाला बारा-चौदा तास झोप लागते. या जातींना ती आठवणीने घ्यायला लावावी लागते.

मुलांच्या किंवा मोटारींच्या मागे जाऊ लागला तर ओरडू नका. तो रोखून बघायला लागतो, त्या क्षणी हाक मारून वळवा आणि वळल्यावर खाऊ द्या. एकदा पळत सुटल्यावर हाक कानांपर्यंत पोचत नाही.

जमलं नाही तर

प्रयत्न करूनही जुळलं नाही, तर संस्थेला लवकर कळवा. त्यांच्याकडे प्रशिक्षक असतात, सल्ला मिळतो, आणि शेवटी परत देणंही करारात बसतं. चावण्यापर्यंत वेळ गेल्यावर कळवलं, तर त्या कुत्र्याला पुढचं घर मिळणं कठीण होतं.

एवढं वाचून आपल्या घराचा दिनक्रम यात बसेल का, अशी शंका असेल, तर लगेच दत्तक घेऊ नका. आधी फॉस्टर म्हणून नाव नोंदवा. संस्थांना अशी घरं नेहमी कमी पडतात, उपचाराचा खर्च बहुधा संस्थाच करते, आणि काही आठवड्यांत आपल्याला आपलं उत्तर मिळतं. किंवा सात-आठ वर्षांचा पोक्त कुत्रा मागा. तो हुशार असतोच, पण त्याला दुपारची झोप कळलेली असते, आणि त्याच्यासाठी अर्ज फार थोडे येतात.