पंखा अडला, फ्यूज उडाला

गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, की मोटारीतला पंखा बंद पडणे ही साधी गैरसोय राहत नाही. गाडीत तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल तर ते जिवावरही बेतू शकते. मग घाईने फ्यूज बदलला जातो. तोही उडतो. शेवटी कोणीतरी तिथे तांब्याच्या तारेचा तुकडा अडकवतो. पण पंख्याने एकाएकी एवढी विद्युतधारा का ओढली, हे कोणी विचारत नाही.

फिरणारी मोटर थोडीफार जनित्रही असते. चुंबकीय क्षेत्रात फिरताना तिच्या गुंडाळीत बॅटरीच्या विरुद्ध दिशेने विद्युतदाब निर्माण होतो. समजा, बॅटरी १२ व्होल्टची, गुंडाळीचा रोध ०.३ ओहम आणि हा विरुद्ध दाब ९ व्होल्ट आहे. उरले ३ व्होल्ट. म्हणजे धारा १० अँपिअर. आता पाते अडले. विरुद्ध दाब शून्य झाला आणि धारा १२ भागिले ०.३, म्हणजे ४० अँपिअर! उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती १६ पट. २० अँपिअरचा पिवळा फ्यूज काही सेकंदांत वितळतो. तो नसता, तर डॅशबोर्डमागच्या तारांचे आवरण वितळले असते. फ्यूज मुख्यतः त्या तारांसाठीच असतो. तांब्याचा तुकडा बसवला, की ही राखणच संपली.

पाते अडते कशाने? आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये मोह-पळसाची पानगळ होते. झाडाखाली उभ्या गाडीच्या पुढच्या काचेखालील जाळीतून पाने आत जातात. कधी उंदीर घरटे करतात, कधी नुसते बेअरिंग कोरडे पडते.

दोष शोधण्यासाठी पंख्याचे बटण बंद करून मोटरची जोडणी काढावी, त्याच क्षमतेचा नवा फ्यूज घालावा आणि मग बटण सुरू करावे. तरीही तो उडाला, तर तार कुठेतरी उघडी पडून गाडीच्या पत्र्याला टेकली आहे. उंदरांचा संशय इथेही घ्यावा. टिकला, तर दोष बहुधा मोटरमध्ये. (पंखा फक्त सर्वांत जलद गतीवरच फिरत असेल तर फ्यूजला हात लावू नये, बहुतेक गाड्यांत तेव्हा गती कमी करणारा रोधक जळालेला असतो.)

वर्गात हे दाखवायला खेळण्यातली मोटर, एक सेल आणि अ‍ॅमीटर पुरे. मोटर फिरत असताना तिचा दांडा चिमटीत धरा. काटा झटकन वर चढतो. दोन-तीन सेकंदांत सोडा, कारण गुंडाळी लगेच तापू लागते.