मोटारीविना मोले

अरण्य पाहायचे तर मोटार हवी, असे आपण गृहीत धरतो. बेळगावकरांपुरते तरी ते खरे नाही. गोव्यातील मोले राष्ट्रीय उद्यान १९७८ मध्ये झाले. क्षेत्र १०७ चौरस किलोमीटर. तेथे जाण्याच्या वाटा दोन. लोंढा, कॅसलरॉकवरून घाट उतरणारी आगगाडी कुळे येथे सोडते; पुढे मोले पाच-सहा किलोमीटर. बसने जाणाऱ्याने मात्र ती अनमोड घाटाने जाते की चोर्ल्याने, हे आधी कंडक्टरला विचारावे. आम्ही चौघांनी विचारले नाही. आमचे पहिले वनदर्शन साखळीच्या बसस्थानकावर आटोपले!

उद्यानात शिरताना वनखात्याचा परवाना घ्यावा. दूधसागर गाडीच्या खिडकीतूनही दिसतो; त्यासाठी रुळांवरून चालू नये. तो गुन्हा आहेच, शिवाय बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायलाही जागा उरत नाही. पैशाची बचत करताना जीव खर्ची घालणे हा कसला हिशेब?

मोल्यात उतरताच परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारावी. दिवसाचे अंदाजपत्रक तीच ठरवते. उरलेल्या वेळात सावकाश चालावे. मोटारीच्या आवाजाने लपणारे शेकरू पायी चालणाऱ्याला दिसण्याचा संभव अधिक. आमच्या खात्यावर ही शुद्ध जमा!