वांग जाईल, पण पंधरा दिवसांत नाही

दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात घासाघीस केल्याशिवाय कोणी काही घेत नाही. कुर्ता उलटा करून शिवण पाहणारी, बटणे मोजणारी, चारशेची वस्तू दोनशेत पाडून घेणारी गृहिणी चेहऱ्याच्या क्रीमची ट्यूब घेताना मात्र तिच्यावर काय लिहिले आहे तेसुद्धा वाचत नाही. पार्लरवालीने सांगितले, शेजारणीला गुण आला, एवढे तिला पुरते. गालांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर उमटलेल्या तपकिरी डागांना आपण वांग म्हणतो, दिल्लीकर झाइयाँ म्हणतात. नाव कोणतेही असो, आरशात ते रोज दिसतात आणि पंधरा दिवसांत चेहरा साफ करून देण्याच्या आश्वासनावर विश्वास ठेवावासा वाटतो.

गंमत म्हणजे पंधरा दिवसांत चेहरा पुष्कळदा खरोखरच उजळतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

त्या ट्यूबमध्ये काय असते?

1975 साली अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी आपल्या सहकाऱ्यासह हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड या तीन औषधांचे मिश्रण मांडले. वांगावर ते गुणकारी आहे. अशा प्रकारची मिश्रणे डॉक्टर आजही देतात, पण मोजके आठवडे आणि आपल्या देखरेखीखाली. आपल्याकडे मात्र चिठ्ठीशिवाय मिळणारी हीच औषधे गोरेपणाची क्रीम म्हणून महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चोपडली गेली.

स्टेरॉइडने सूज आणि लाली दबते, रंग फिका होतो. वापर लांबला की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे येतात, गालांवर लव वाढते. घाबरून क्रीम बंद केले तर चेहरा भाजल्यासारखा आगआग होतो, म्हणून ती पुन्हा तेच लावते. भारतीय डॉक्टरांकडे असे इतके रुग्ण येऊ लागले की स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असे या अवस्थेला वेगळे नावच द्यावे लागले. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. तरीही ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचण्याचे काम आपलेच आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक जरी नाव दिसले, तर ते सौंदर्यप्रसाधन नसून औषध आहे. आधीपासून असे क्रीम लावत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना ट्यूब नेऊन दाखवा.

ज्या डबीवर घटकांची नावेच नाहीत, ती तर हातातही धरू नये. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे गोरेपणाच्या क्रीमने बिघडली होती आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासल्यावर त्या क्रीममध्ये पारा सापडला होता.

डाग का उठतात?

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन एका जागी जास्त तयार झाले की डाग दिसतो. वांगामागे ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि घराण्याचा वारसा ही मुख्य कारणे असतात. मुरूम फोडल्यावर राहणारा काळा डाग वेगळा. मान आणि काखा काळ्या व मखमलीसारख्या जाड झाल्या असतील तर घासून काही उपयोग नाही, अशा वेळी रक्तातली साखर तपासून घ्यावी. हेअर डाय, कुंकू किंवा अत्तराची अ‍ॅलर्जीही चेहरा काळवंडवते. म्हणून उपचाराआधी डाग कशाचा आहे हे एकदा डॉक्टरांकडून ठरवून घेतलेले बरे. सरोजिनी नगरच्या रहिवाशांना तर सफदरजंग रुग्णालय आणि एम्स जवळच आहेत. रांगेत अर्धा दिवस जाईल, पण नंतरचे कितीतरी महिने वाचतील.

सकाळी आणि रात्री

दिनचर्या जितकी साधी तितकी ती टिकते. सकाळी सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा आणि टॉवेलने न रगडता टिपून घ्यावा. मग मॉइश्चरायझर आणि त्यावर सनस्क्रीन. यातले बाकी काही चुकले तरी चालेल, सनस्क्रीन चुकवू नका. एसपीएफ 30 किंवा जास्त असावा, प्रमाण तर्जनी आणि मधले बोट भरून. बहुतेक बायका वाटाण्याएवढे लावतात आणि क्रीम निकामी आहे म्हणून नावे ठेवतात. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे लागते. घरात बसूनही सुटका नाही, कारण खिडकीच्या काचेतून ऊन्हातली अ किरणे आत येतातच. सावळ्या त्वचेत साध्या प्रकाशानेही वांग गडद होते, म्हणून लोह ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन वांगासाठी अधिक उपयोगी ठरते.

रात्री चेहरा धुऊन डागांसाठी एकच औषधी क्रीम घ्यावे. नायसिनामाइड किंवा अ‍ॅझेलाइक आम्ल यांपासून सुरुवात करणे सोपे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून पाहावे आणि मगच चेहऱ्याला. चार नव्या बाटल्या एकाच दिवशी उघडल्या तर आग कशाने झाली हेही कळत नाही. रेटिनॉइड आणि हायड्रोक्विनोन डॉक्टरांनी सांगितले तरच. गरोदरपणात रेटिनॉइड मुळीच नको, आणि हायड्रोक्विनोन फार काळ लावले तर त्वचेवर निळसर काळे डाग उठतात, जे मूळच्या वांगापेक्षाही चिवट असतात.

लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट हे घरगुती प्रयोग मात्र सोडून द्यावेत. लिंबाचा रस लावून ऊन्हात गेल्यास त्वचा भाजून नवे डाग पडतात. बेसनाने रोज खसखसून घासणेही तितकेच वाईट, कारण चोळण्याने डाग वाढतात.

बाजारातून काय आणाल?

दिल्लीच्या मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि सरोजिनी नगरच्या गल्ल्यांत भरदुपारी फिरणाऱ्यांना तो चेहऱ्यावरच झेलावा लागतो. खरेदी संध्याकाळी करा. वांगावर या बाजारातून आणण्यासारखे खूप काही आहे: रुंद काठाची टोपी, दाट विणीची मोठी सुती ओढणी, गडद रंगाची छत्री. इथे घासाघीस करायला हरकत नाही.

परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, खोलवरच्या निळसर डागांना त्याहून जास्त. रोज आरशात पाहून बदल कळत नाही. महिन्यातून एकदा त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढून तुलना करावी. डाग गेल्यावरही सनस्क्रीन सुटले तर एका उन्हाळ्यात ते परत येतात. गरोदरपणात उठलेले वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच जणींचे आपोआप फिके होते. तोवर ओढणी, छत्री आणि सनस्क्रीन एवढेच पुरे.